मोतिया की राखाडी?

तांबडा, हिरवा, निळा यांच्यावरून घरात फारशी भांडणं होत नाहीत. ज्याला भिंत निळी हवी असते तो ती निळी करून मोकळा होतो आणि बाकीचे त्याला वेडा ठरवून मोकळे होतात. खरी भांडणं होतात ती ज्यांना धड रंग म्हणावं की नाही असा प्रश्न पडतो, अशा दोन रंगांवरून. एक मोतिया, दुसरा राखाडी. दोघेही सभ्य, दोघेही कुणाच्या अध्यात ना मध्यात. इंटिरियरवाले दोघांनाही ‘न्यूट्रल’ म्हणतात. आणि या दोन तटस्थांपायी चांगल्या बोलक्या घरांत आठवडाभर अबोला नांदतो.

आमच्या घरात सध्या हे दोन्ही पक्ष आहेत. मी मोतियाचा, मुलगी राखाडीची. बायकोचं रंगाबद्दल काही म्हणणं नाही. तिचा प्रश्न एवढाच, की पत्र्यानं भिंती खरवडणारी माणसं घरात किती दिवस राहणार आणि त्या दिवसांत स्वयंपाक कुठल्या खोलीत करायचा. मुलीचं म्हणणं मात्र तात्त्विक आहे. “बाबा, मोतिया हा काही रंग नाही. भाड्यानं द्यायच्या घराला मारतात तो.” यावर मी म्हणालो, की राखाडी हाही रंग नाही, रंग द्यायचा राहून गेलेल्या भिंतीचं प्लास्टर तसं दिसतं. इथं चर्चा संपली आणि अभ्यास सुरू झाला. मराठी घरात वाद हरायची वेळ आली की माणूस अभ्यासाला लागतो.

आपल्या भिंतींचा इतिहास काही फार रंगीत नाही. खेड्यात मातीच्या भिंतीला पांढऱ्या मातीचा हात, वाड्यांना आणि चाळींना चुना. भट्टीतून आणलेल्या कळीच्या चुन्यावर पाणी ओतलं की पिंप खदखदायचं. तो निवून मुरला की गाळून घ्यायचा. त्यात थोडं डिंकाचं पाणी, म्हणजे भिंतीला टेकून बसणाऱ्याच्या सदऱ्याला पांढरं लागत नाही. आणि वरून चिमूटभर नीळ. ही नीळ महत्त्वाची. नुसता चुना डोळ्याला किंचित पिवळट वाटतो आणि निळीचा अंश त्या पिवळेपणाला मारून टाकतो. आज ज्याला ‘अंडरटोन’ म्हणतात आणि ज्यासाठी सल्लागार फी घेतात, ते ज्ञान धुण्याच्या बादलीशेजारच्या पुडीत होतं. हा चुना भिंतीवर चढला की हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून हळूहळू पुन्हा चुनखडीच व्हायचा. म्हणजे आपले आजोबा दरवर्षी भिंतीवर दगडाचा एक पातळ पापुद्रा चढवत होते. कुणाला अगदीच पिवळी भिंत हवी असली तर चुन्यात पिवडी, आणि खाली जोत्याच्या कडेनं गेरूचा पट्टा. शेडकार्ड एवढंच.

मोतिया हा त्या पिवडीचाच शहरात येऊन स्थायिक झालेला वंशज. चुन्याच्या जागी डिस्टेंपर आला, मग प्लास्टिक पेंट. १९४२ साली मुंबईत एशियन पेंट्स सुरू झाली आणि १९५४ साली आर. के. लक्ष्मण यांनी तिच्यासाठी हातात ब्रश घेतलेला खट्याळ ‘गट्टू’ काढला. डोळ्यावर केसांची झुलपं आलेलं हे पोर डब्याडब्यांवरून घरोघर पोचलं. त्या डब्यांत कितीतरी रंग होते, पण मध्यमवर्गाचा हात फिरून फिरून मोतिया, बदामी, बिस्किटी याच पट्ट्यात जायचा. कारणं तीन. पांढरा लवकर मळतो. गडद रंगात खोली लहान दिसते. आणि तिसरं, पाहुण्यांना काय वाटेल. मोतिया पाहून आजवर कुठल्याही पाहुण्याला काहीही वाटलेलं नाही. पुढे बिल्डरांनी हाच गुण हेरला आणि ताबा देताना अख्ख्या इमारती या एकाच रंगात बुडवून दिल्या.

राखाडी नवा, असं आम्हा मोतियावाल्यांचं म्हणणं असतं. ते खरं नाही. राखाडी आपल्याकडे पूर्वापार होता, फक्त पायाखाली होता. शहाबादी फरशी राखाडी, सिमेंटचा कोबा राखाडी, पाटा-वरवंटा राखाडी, आणि ज्या राखेनं भांडी लखलखीत व्हायची ती तर या रंगाची कुलस्वामिनी. वर चढायची मात्र त्याला परवानगी नव्हती. ती गेल्या दहा-पंधरा वर्षांत मिळाली. पँटोन या अमेरिकी कंपनीनं २०२१ या वर्षाचा रंग म्हणून एका पिवळ्याच्या जोडीला ‘अल्टिमेट ग्रे’ निवडला, तेव्हा पुण्या-मुंबईच्या नव्या फ्लॅटांत टीव्हीमागची भिंत राखाडी होऊन चुकली होती. पूर्वी आपण जमिनीवर बसून भिंतीकडे पाहत होतो. आता सोफ्यावर बसून, जी जमीन होती तिच्याकडेच पाहतो.

रंगाच्या दुकानात गेलं की या वादातली हवा निघून जाते. तिथं हल्ली तयार रंगाचे डबे फारसे नसतात. असतो तो एक पांढरा बेस आणि एक यंत्र. दुकानदार शेडचा नंबर दाबतो, यंत्राच्या तोटीतून डब्यात थेंब पडतात, मग झाकण लावून दुसरं यंत्र तो डबा गदागदा हलवतं. मी मोतिया मागितला तेव्हा त्या पांढऱ्यात पिवळ्याचे थेंब पडले आणि पाठोपाठ थोडा काळाही. मुलीनं राखाडी मागितला तेव्हा काळ्याचे थेंब पडले आणि पाठोपाठ थोडा पिवळा, थोडा तांबडा. आम्ही दोघंही डब्यात डोकावून पाहत होतो. “सगळं तेच जातंय,” मुलगी म्हणाली. “प्रमाण फक्त उलटं.” दुकानदाराला यात काही नवल वाटलं नाही. पिवडी, काजळी, गेरू हे जुनंच त्रिकूट. त्यांनी फक्त आता नळीतून यायचं ठरवलं आहे.

शेडकार्डावर मात्र हे नातं कुणी कबूल करत नाही. तिथं प्रत्येक छटेला असं नाव असतं की माणसानं घर रंगवण्याऐवजी सहलीला जावं. इंग्लंडमधल्या एका प्रतिष्ठित कंपनीच्या कार्डावर एका उबदार राखाडीचं नाव ‘एलिफंट्स ब्रेथ’, म्हणजे हत्तीचा श्वास, असं आहे. इकडे मोतियाचा सख्खा भाऊ हस्तिदंती. तेव्हा आमच्या घरातला वाद मुळात एकाच हत्तीवरून आहे, असं मी बायकोला समजावून सांगितलं. हत्ती रंगवायचा असला तरी भिंती खरवडाव्या लागतीलच ना, असं तिनं विचारलं.

कार्डावरचा चौकोन आणि भिंतीवरचा रंग यांचा काही संबंध नसतो, हे प्रत्येक रंगारी पहिल्याच दिवशी सांगतो आणि प्रत्येक गिऱ्हाईक ते शेवटच्या दिवशी समजून घेतं. यामागचं कारण दोनशे वर्षांपूर्वी पॅरिसमध्ये सापडलेलं आहे. मिशेल शेव्ह्रल हा रसायनशास्त्रज्ञ १८२४ साली गोबेलँ या गालिचे आणि भित्तिपट विणणाऱ्या कारखान्यात रंगाईचा प्रमुख झाला. तक्रार होती की काळा धागा पुरेसा काळा दिसत नाही. त्यानं रंग तपासला तर तो ठणठणीत होता. दोष शेजाऱ्यांचा होता. निळ्या-जांभळ्या धाग्यांशेजारी बसला की तोच काळा फिका पडायचा. रंग एकटा कधीच दिसत नाही, शेजारच्याला घेऊन दिसतो, हे सांगणारं त्याचं मोठं पुस्तक १८३९ साली आलं. राखाडीवर शेजाराचा हा परिणाम सर्वांत जास्त होतो, कारण त्याचं स्वतःचं असं ठाम मत नसतं. तांबड्या गादीशेजारी तो हिरवट होतो, पिवळ्या पडद्याशेजारी जांभळट. मोतियाची पिवळी बाजू पक्की असते, त्यामुळे तो इतक्या सहज पक्षांतर करत नाही.

शेजाराइतकाच प्रकाशही घात करतो. परदेशी मासिकांत लिहिलेलं असतं की उत्तरेच्या खोलीला राखाडी देऊ नये, तिथला उजेड निळसर आणि थंड असतो. तिकडे उत्तरेच्या खिडकीतून सूर्य जवळजवळ येतच नाही. आपलं तसं नाही. पुण्या-मुंबईत मेच्या मध्यावर सूर्य डोक्यावरून पुढे सरकतो आणि जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारी आकाशाच्या उत्तर भागात असतो. शून्य सावलीचा दिवस म्हणून शाळेतली मुलं गच्चीवर काठी उभी करतात, तो याच दोन टोकांना येतो. म्हणजे सूर्य उत्तरेकडच्यांचाही समाचार घेतो. पण कधी? त्यातले पहिले तीन-चार आठवडे सोडले तर मोसमी ढग येतात आणि घराच्या चारही दिशांना एकच उजेड होतो, दुधी आणि दमट. महाराष्ट्रातलं घर वर्षाचे चार महिने या उजेडात जगतं, आणि त्याचा उल्लेख कुठल्याही शेडकार्डावर नसतो.

या उजेडात राखाडी फार महाग पडतो. छायाचित्रकार ज्याला मध्यम राखाडी म्हणतात, तो डोळ्याला पांढरा आणि काळा यांच्या बरोब्बर मध्ये वाटतो. प्रत्यक्षात तो त्याच्यावर पडलेल्या प्रकाशापैकी जेमतेम १८ टक्के परत करतो. डोळा काळोखाशी तडजोड करण्यात इतका सरावलेला आहे की चार पंचमांश उजेड गिळून बसलेली भिंत त्याला निम्मीच काळी वाटते. चांगला फिकट मोतिया ७० टक्क्यांच्या पुढे उजेड परत करतो. समोरच्या इमारतीचं स्वयंपाकघर जिथून हाताच्या अंतरावर दिसतं, अशा आपल्या बहुसंख्य हॉलांना ही तफावत परवडत नाही. मोतिया खोलीत दिवा संध्याकाळी लागतो, राखाडी खोलीत तो जेवणानंतर भांडी आवरेपर्यंतच लावावा लागतो. दुपारच्या जेवणानंतर.

शिवाय दिवा कुठला, हाही प्रश्न. आपण ट्यूबलाइटच्या पोटी जन्मलेली माणसं. साडेसहा हजार केल्विनचा तो निळसर पांढरा झोत पडला की मोतियाचं रक्त आटतं आणि भिंत तापातून उठल्यासारखी दिसते. राखाडी त्याच झोतात दवाखाना होतो. तीन हजार केल्विनचा पिवळा दिवा लावला की मोतिया खुलतो, आणि थंड राखाडी मात्र गढूळ होऊन ‘हा रंग आम्ही निवडलाच नव्हता’ अशी घरात बोंब उठते. माझं तर मत झालं आहे की निम्म्या घरांना रंगाऱ्याची नव्हे, इलेक्ट्रिशियनची गरज असते.

आता वयाचा विचार. रंग दोन हात मारून झाला की दुसऱ्या दिवशी दोन्ही भिंती सारख्याच देखण्या असतात. पाच वर्षांनी पाहावं. मोतिया सगळं सांगतो. पलंगामागे तेल लावलेल्या डोक्यांचे गोल, बटणाच्या पट्टीभोवती बोटांचं कडं, दाराच्या चौकटीला लागून मुलांच्या उंचीच्या पेन्सिलरेघा. दरवर्षी जानेवारीत जुनं ‘कालनिर्णय’ काढावं तर मागे एक चौकोन असतो, तेवढाच भाग अजून मूळ रंगाचा. बाकी भिंत आपल्याबरोबर कधी पिवळी झाली हे त्या चौकोनामुळे कळतं. राखाडी हे सगळं पोटात घालतो. बोटं, धूर, तेल, कशाचाच तो बोभाटा करत नाही. पण त्याला खुर्चीचा कोपरा लागू द्या. आतली पांढरी लांबी उघडी पडते आणि खोलीत शिरणाऱ्या प्रत्येकाला पहिल्यांदा तो पोपडाच दिसतो. मोतियावर असा टवका महिनोन्‌महिने कुणाच्या लक्षात येत नाही. आणि पावसाळ्यात भिंतीला ओल आली, की दोघेही सारखेच नापास होतात. ओल गळतीच्या जागी थांबवावी लागते. ती रंगानं झाकता येते असं मानणारे लोक दर दोन वर्षांनी रंग काढतात.

इथवर पारडं माझ्याकडे झुकलं होतं. मग मुलीनं तिचं खरं अस्त्र काढलं. ती व्हिडिओ एडिटिंगचं काम करते. तिनं सांगितलं, की चित्रपटाचे रंग जिथं शेवटचे पक्के केले जातात, त्या खोल्यांच्या भिंती मुद्दाम राखाडी ठेवतात. भिंत पिवळसर असली तर डोळा तिला सरावतो आणि पडद्यावरचा रंग ओळखण्यात फसतो. छपाईचे नमुने तपासायच्या जागाही याच कारणानं राखाडी असतात. राखाडीपुढे धरली की हळद हळदीइतकीच पिवळी दिसते, पैठणीचा काठ होता तसा दिसतो आणि माणसाचा चेहरा जसा असेल तसा. “म्हणजे बघा बाबा, खरा न्यूट्रल एकच आहे. तुमचा मोतिया पार्शल आहे.”

हे मला एकदम पटलं, आणि तिथंच मला माझा मुद्दा सापडला. मोतिया पक्षपाती आहेच. त्याच्यावरून परतणारा उजेड थोडा पिवळा होऊन आपल्या तोंडावर पडतो, त्यामुळे रात्रपाळीहून आलेला माणूससुद्धा जरा बरा दिसतो. राखाडी भिंत न्यायाधीशाची आहे, मोतिया भिंत आत्याची. ‘वाळलास रे, पण छान दिसतोस’ असं म्हणणारी आत्या खोटं बोलते हे सगळ्यांना ठाऊक असतं, आणि तरी सुट्टीत सगळे तिच्याकडेच जातात. बाहेर आपल्याला तटस्थपणे पाहणारे पुष्कळ असतात. साहेब असतात, परीक्षक असतात, लिफ्टमधला आरसा असतो. घरानं तटस्थ कशाला असावं? घर आपल्या बाजूचं असावं.

मला या कामी आधारही फार वरून मिळाला. २००२ साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या कार्ल ग्लेझब्रूक आणि इव्हान बॉल्ड्री या खगोलशास्त्रज्ञांनी दोन लाखांहून जास्त दीर्घिकांचा प्रकाश एकत्र करून विश्वाचा सरासरी रंग काढला. आधी उत्तर आलं फिकट हिरवट निळा, आणि तशा बातम्याही झळकल्या. मग लक्षात आलं की संगणकानं ‘पांढरा’ म्हणून जो धरला होता, तोच नीट नव्हता. तो सुधारल्यावर विश्व मोतिया निघालं. शास्त्रज्ञांनी त्या छटेला दुधाळ कॉफीवरून ‘कॉस्मिक लाते’ हे नाव दिलं. मी ही माहिती जेवताना जाहीर केली आणि विजयानं ताकाचा घोट घेतला. मुलगी म्हणाली, “बघा, म्हणजे विश्वसुद्धा कुणीतरी भाड्यानंच दिलंय.”

राखाडीच्या बाजूनंही एक वैश्विक पुरावा आहे, तो मीच तिला न्याय म्हणून दिला. संपूर्ण काळोखात डोळे मिटले तरी माणसाला काळं दिसत नाही. दिसतो तो एक गडद राखाडी, कारण प्रकाश नसतानाही डोळ्यातले मज्जातंतू थोडं काहीतरी पुटपुटत राहतात. म्हणून झोपायच्या खोलीत राखाडीवर पैसे घालवू नयेत, असं माझं मत आहे. डोळे मिटले की तो फुकट मिळतो.

शेवटी निवाडा असा झाला. हॉल आणि स्वयंपाकघर मोतिया, कारण तिथं माणसं बसतात, जेवतात आणि एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात. मुलीच्या कामाच्या खोलीची पडद्यामागची भिंत राखाडी, कारण तिथं खरं दिसण्याला पगार मिळतो. जिथं काम आहे तिथं न्याय असावा, जिथं राहणं आहे तिथं माया असावी. रंगारीकाकांना हे तत्त्वज्ञान ऐकवलं. ते म्हणाले, “दोन रंग म्हणजे ब्रश दोनदा धुवायचे. मजुरी वाढेल.”

वाचकांना माझं सांगणं थोडकं आहे. शेडकार्डावर विसंबू नका. दोन्ही रंगांचे लहान डबे आणा, खोलीच्या दोन वेगवेगळ्या भिंतींवर दोन-दोन फुटांचे चौकोन मारा, आणि सकाळी, दुपारी, संध्याकाळी आणि तुमचाच दिवा लावून रात्री त्यांच्याकडे पाहा. पाहायला नातेवाइकांना बोलावू नका. आणि मुख्य म्हणजे ही निवड ऑक्टोबरच्या लखलखीत उन्हात करू नका. तेव्हा कुठलाही रंग शोभतो. निवड भर आषाढात करा, भरल्या आभाळाच्या दुपारी, दिवा न लावता. त्या उजेडात जी भिंत तुम्हाला बरी वाटेल, ती वर्षभर बरी वाटेल. लावा मात्र दसऱ्यानंतर, कारण पावसात रंग वाळत नाही. कोकणातल्या मंडळींना गणपतीच्या आधी रंग काढायचा असेल, तर त्यांनी निवड आदल्या वर्षीच्या आषाढात उरकून ठेवावी. तेवढा वेळ घरातलं एकमत व्हायलाही लागतोच.